प्रत्येक तोंडाला एकच नियम

1980 च्या सुमारास दातांच्या डॉक्टरांचे हात बहुतेक ठिकाणी उघडेच असत. खुर्चीशेजारच्या बेसिनवर साबणाने हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे आणि बोट थेट रुग्णाच्या तोंडात घालायचे, अशी सर्वमान्य रीत होती. हिरडी दाबून पाहायची ती उघड्या बोटाने, दाढ काढताना जबडा सावरायचा तो उघड्या हाताने, आणि रक्त थांबवायला बोळा दाबून धरायचा तोही तसाच. पुढच्या बारा-तेरा वर्षांत अमेरिकेत ही रीत पार मोडली. इतकी, की दवाखान्यातल्या नोकरांना मोजे न पुरवणाऱ्या मालकाला सरकारी दंड होऊ लागला. या बदलाची गोष्ट सहसा एका वाक्यात आटोपतात: एड्स आला आणि डॉक्टरांनी मोजे घातले. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून महत्त्वाचा भाग निसटतो. धोका डॉक्टरांना एड्सच्या आधीपासून ठाऊक होता, तरी हात उघडेच राहिले. भीती आली तेव्हा तिने आधी चुकीची मागणी केली. आणि शेवटी रुग्ण ज्यामुळे वाचू लागले, तो रबराच्या मोज्यामागचा नियम होता. कोणत्या माणसाला रोग आहे याचा माग काढत बसू नका. प्रत्येक तोंडात रोग आहे असे धरूनच काम करा, असे तो नियम सांगतो.

शस्त्रक्रियेत मोजे फार आधी आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889-90 च्या सुमारास शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले, ते परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्यासाठी. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने त्यांच्या हातांची कातडी सोलवटत होती. म्हणजे मोजा आला तो हाताला औषधापासून वाचवण्यासाठी; रुग्णाला हातापासून वाचवणे हे नंतर लक्षात आले. हॅल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी 1899 साली हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून दाखवले, की मोजे घातल्यापासून जखमा चिघळण्याचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले आहे. दंतवैद्यांनी मात्र हा धडा घेतला नाही, आणि त्यांच्याकडे कारण होते. विलोबी मिलर यांच्या 1890 च्या ग्रंथाने तोंड हे जंतूंचे माहेरघर असल्याचे दाखवून दिले होते. पोट उघडताना बाहेरचा जंतू आत जाऊ नये म्हणून धडपडायचे असते. इथे तर जागा आधीच जंतूंनी भरलेली. शिवाय दातांचे काम स्पर्शावर चालते. किडलेला भाग कुठे मऊ लागतो, कॅप कडेला बसली की नाही, मुळाचा तुकडा हलतो का, हे बोटाला कळावे लागते. जुने रबरी मोजे जाड असत, उकळून पुन्हा वापरावे लागत, आणि दिवसाला वीस-पंचवीस रुग्ण पाहणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. 1950 च्या दशकापर्यंतच्या दंतवैद्याला या बाबतीत दोष देणे अन्यायाचे ठरेल. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूची ओळख पटवण्याचे साधनच त्याच्याजवळ नव्हते.

1970 नंतर मात्र ही सबब उरत नाही. बरूच ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून हिपॅटायटिस-बी म्हणजे रक्तातून जडणाऱ्या काविळीच्या विषाणूची खूण सापडली, रक्ततपासणी उपलब्ध झाली, आणि आजवर नशिबावर ढकललेल्या काविळींचा माग काढता येऊ लागला. तो माग वारंवार दातांच्या दवाखान्याशी जाऊन थांबे. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुखशल्यचिकित्सकाकडून सुमारे चार वर्षांत 55 रुग्णांना लागण झाल्याचे 1977 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा विषाणू सुकलेल्या रक्तात, टेबलावर किंवा अवजारावर, सात दिवसांपर्यंत टिकतो. सुई टोचून लागण होण्याची शक्यता एड्सच्या विषाणूच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, बाबतीत हजारात तीन धरतात, तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस. दंतवैद्याच्या बोटांवर तर बारीक चिरा नेहमीच्याच: काही तारेने ओरखडून, काही दात कोरायच्या बरने खरवडून, काही वारंवार धुऊन कातडी फुटून. नखांच्या कडेला रुग्णाचे रक्त साचते आणि हात धुतल्यावरही डोळ्यांना न दिसता काही दिवस तिथेच राहते, हे 1982 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्याच नियतकालिकात छापून आले. दंतवैद्यांना बोटांवर पाणी भरलेले दुखरे फोड येत. रुग्णाच्या ओठातोंडातला नागिणीच्या जातीचा विषाणू चिरेतून शिरल्याने ते होत. व्यवसायात हा आजार इतका ओळखीचा होता, की त्याची वर्णने पाठ्यपुस्तकांत होती.

1984-85 साली इंडियानाच्या ग्रामीण भागात एका दंतवैद्याच्या नऊ रुग्णांना हिपॅटायटिस-बी झाला आणि त्यांतले दोघे दगावले. हे प्रकरण इथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या डॉक्टरांना आपण विषाणूचे वाहक आहोत याची कल्पनाही नव्हती. अंगात एकही लक्षण नव्हते. ते नेहमी मोजे वापरत नसत. रुग्ण दाढ काढून घरी जाई, हिरडी भरून येई, आणि दीड ते सहा महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे होत. इतक्या काळाने कोण दाढेची आठवण काढणार? हा आजार एवढा लांबून फिरून येत असल्यामुळे डॉक्टरला आपल्या हाताचा परिणाम कधी डोळ्यांनी दिसत नसे. शल्यचिकित्सकाची जखम चौथ्या दिवशी चिघळते आणि त्याच्यासमोर उभी राहते. दंतवैद्याची चूक दुसऱ्याच डॉक्टरच्या दारात जाऊन पडते. हात इतकी वर्षे उघडे राहिले त्याचे खरे कारण मला इथे दिसते. आळस, पैसा, सवय हे सगळे होतेच, पण परिणाम कर्त्यापर्यंत पोहोचतच नव्हता. सीडीसी या अमेरिकन रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाने त्या दशकात दर वर्षी सुमारे 12,000 आरोग्यसेवकांना कामावर हिपॅटायटिस-बीची लागण होत होती आणि अडीचशेच्या आसपास मरत होते. 1980 च्या दशकात 1,309 दंतव्यावसायिकांची पाहणी झाली, तेव्हा लस न घेतलेल्यांपैकी 21 टक्क्यांच्या रक्तात या विषाणूशी सामना झाल्याच्या खुणा होत्या. एवढ्या मृत्यूंनीही सरसकट कुणी मोजे चढवले नाहीत.

जून 1981 मध्ये एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली, पुढच्या दोन-तीन वर्षांत विषाणू सापडला, आणि चित्र पालटले. हा रोग जुन्यासारखा मुकाट नव्हता. त्याला चेहरे होते, वर्तमानपत्रांचे मथळे होते, आणि त्या काळी त्याचा शेवट ठरलेला होता. वर उल्लेखलेल्या पाहणीत 1,309 जणांपैकी दुसरा कोणताही धोका नसलेला केवळ एक दंतवैद्य एचआयव्हीबाधित निघाला. आकड्यांनी पाहिले तर काविळीचा धोका कितीतरी मोठा होता, पण मोजे चढले ते एड्सच्या धास्तीने. या पहिल्या काळात मोजा डॉक्टरची ढाल होता. काही दवाखान्यांत तो फक्त ‘संशयित’ रुग्णापुरता वापरला जाई. मग संशय कुणाचा घ्यायचा हे ठरवण्यासाठी पेहराव, बोलणे, वैवाहिक स्थिती, राहण्याचा भाग यांवरून अटकळ बांधली जाई, आणि अनेकांना दारातूनच परत पाठवले जाई. ही पद्धत अन्यायाची होती, तितकीच निरुपयोगीही. इंडियानाच्या डॉक्टरांना स्वतःचा संसर्ग माहीत नव्हता, तर रुग्णाला तरी त्याचा कुठून पत्ता असणार?

सीडीसीने एप्रिल 1986 मध्ये खास दंतचिकित्सेसाठी शिफारसी काढल्या आणि ऑगस्ट 1987 मध्ये सर्वच आरोग्यसेवेसाठी सार्वत्रिक खबरदारीचे तत्त्व मांडले. त्याचा आशय एवढाच: इतिहास विचारून किंवा तपासणी करून सगळे बाधित ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे रक्त, आणि दंतचिकित्सेत रक्तमिश्रित लाळसुद्धा, बाधित आहे असे समजून वागा. प्रत्येक रुग्णासाठी नवे मोजे. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवायचे नाही. अवजारे उष्णतेने निर्जंतुक करायची. माझ्या मते या काळातला खरा शोध हाच, आणि तो प्रयोगशाळेत लागलेला नाही. अज्ञान मान्य करून त्यावर उभारलेला हा नियम आहे. कुणाला काय आहे हे आपल्याला कळणार नाही, असे एकदा पत्करले की संशयाला जागा उरत नाही, आणि भेदभावालाही.

या नियमाची कसोटी लागली ती फ्लोरिडात. डॉ. डेव्हिड एसर हे अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात दवाखाना चालवत. 1987 साली त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किंबर्ली बर्गालिस या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या दोन दाढा त्यांनी काढल्या. तिला पुढे एड्स झाला. लागणीचा दुसरा कोणताही मार्ग सापडेना. जुलै 1990 मध्ये सीडीसीने नाव न घेता ही नोंद प्रसिद्ध केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला डॉ. एसर वारले. त्यांच्या सुमारे 1,100 जुन्या रुग्णांची तपासणी झाली. अखेर सहा जणांचा विषाणू त्यांच्या विषाणूशी जुळतो असा निष्कर्ष निघाला. ही जुळणी विषाणूच्या जनुकांचा अक्षरक्रम लावून केली होती. साथीच्या तपासात हे तंत्र असे पणाला लागण्याची ती सुरुवातीची वेळ होती. काही शास्त्रज्ञांनी त्या गणितावर आक्षेप घेतले, नंतरच्या विश्लेषणांनी मूळ निष्कर्षाला बळ दिले. विषाणू डॉक्टरांकडून रुग्णांकडे नेमका कसा गेला, हे मात्र कधीच ठरले नाही.

पण तपासात पुढे आलेले तपशील बोलके आहेत. डॉ. एसर मोजे घालत. मास्कही लावत. दवाखान्यात वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह होता. तरीही दोन रुग्णांच्या मध्ये मोजे बदलण्याऐवजी ते कधी कधी धुतले जात, अवजारांच्या स्वच्छतेची काही लेखी पद्धत नव्हती, आणि सगळीच अवजारे प्रत्येक वेळी उष्णतेतून जात नव्हती. मोजा धुणे वरवर पाहता शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात साबणाने लॅटेक्समधली सूक्ष्म छिद्रे सैल होतात, त्यांतून पाणी आत झिरपते, आणि बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या मोज्याच्या आत हात ओला राहतो. नवा मोजाही अभेद्य नसतो. 1990 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जी चाचणी घालून दिली, तिच्यात मोज्यात 1,000 मिलिलिटर पाणी भरून तो टांगतात आणि गळतो का पाहतात. त्या चाचणीतही एका लॉटमधल्या काही मोज्यांना छिद्र असणे ग्राह्य धरले आहे. म्हणूनच मोजा काढल्यावर हात धुण्याचा नियम आहे. मोजा घातला म्हणून बेसिन चुकवणारा डॉक्टर नियमाचा अर्धाच भाग पाळत असतो.

जनतेने आणि राजकारण्यांनी या प्रकरणातून वेगळाच अर्थ काढला. किंबर्लीने सप्टेंबर 1991 मध्ये, चालणेही अवघड झाले असताना, वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि आरोग्यसेवकांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी अशी मागणी केली. त्याआधी जुलैत सिनेटर जेसी हेल्म्स यांनी मांडलेला प्रस्ताव सिनेटने 81 विरुद्ध 18 मतांनी मंजूर केला होता. आपला संसर्ग लपवून शरीरात अवजारे घालून उपचार करणाऱ्या आरोग्यसेवकाला दहा वर्षांच्या कैदेची तरतूद त्यात होती. तो कायदा पुढे झाला नाही. सीडीसीनेही त्याच महिन्यात ‘विशेष धोक्याच्या’ उपचारांच्या याद्या करण्याची सूचना केली, पण वैद्यकीय संघटनांनी त्या करण्यास नकार दिला. एका मरणोन्मुख मुलीच्या मागणीला विरोध करणे माणुसकीला जड जाते. तिच्या दुःखाचा अधिकार कुणीही नाकारू नये. तरीही तिची मागणी मान्य झाली असती, तर रुग्ण वाचले असते असे पुराव्यावरून दिसत नाही. लागण झाल्यावर काही आठवडे तपासणी निर्दोष येते. आज तपासलेला डॉक्टर पुढच्या महिन्यात बाधित होऊ शकतो. आणि तपासणी फक्त डॉक्टरची, तर सकाळच्या रुग्णाचे रक्त दुपारच्या रुग्णापर्यंत जाण्याचे काय? अमेरिकेत 51 बाधित आरोग्यसेवकांच्या बावीस हजारांहून अधिक रुग्णांची तपासणी झाली. फ्लोरिडाचा दवाखाना वगळता एकाही रुग्णाचा संसर्ग त्याच्यावर उपचार करणाऱ्याशी जोडता आला नाही.

शेवटी जिंकला तो नियम. अमेरिकेच्या कामगारसुरक्षा खात्याने रक्तजन्य रोगांविषयीचे बंधन 6 डिसेंबर 1991 रोजी प्रसिद्ध केले. मालकाने मोजे, मास्क आणि हिपॅटायटिस-बीची लस नोकराला फुकट द्यावी, संसर्ग रोखण्याची लेखी योजना ठेवावी, सुया टोचून भेदल्या न जाणाऱ्या डब्यांत टाकाव्यात, असे त्यात होते. किंबर्ली 8 डिसेंबरला, तेवीस वर्षांची असताना, वारली. कामगारसुरक्षा खात्याचे हे बंधन मुळात कामगार संघटनांनी 1986 पासून लावून धरले होते. त्यात रुग्णाचे नावही नाही. पण सफाई कामगाराला, डॉक्टरच्या मदतनिसाला सुरक्षित करणाऱ्या तरतुदी रुग्णालाही सुरक्षित करतात, कारण रक्ताचा रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो.

खुर्चीत बसलेल्या माणसाला मोजा दिसतो. दात कोरायच्या हँडपीसच्या आत काय आहे ते दिसत नाही. 1957 साली हवेच्या झोताने मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर हा हँडपीस बाजारात आला आणि दातांचे काम वेगवान झाले. त्या अवजाराच्या पोटात बारीक नळ्या असतात. फिरणे थांबते त्या क्षणी तोंडातली लाळ आणि रक्त थोडेसे आत ओढले जाते. पुढच्या रुग्णासाठी तो सुरू केला की ते बाहेर फेकले जाऊ शकते. 1990 पर्यंत अनेक दवाखान्यांत हँडपीस दोन रुग्णांच्या मध्ये फक्त रसायनाने पुसला जात असे. अशा पुसण्याने आतले विषाणूयुक्त रक्त निष्प्रभ होत नाही, हे 1992 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रयोगांनिशी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि 1993 साली सीडीसीने प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करण्याची शिफारस केली. उत्पादकांना हँडपीसची बनावट बदलावी लागली, कारण जुन्यांचे बेअरिंग ऑटोक्लेव्हच्या वाफेत टिकत नसे. डॉक्टरांना एकाऐवजी पाच-सहा हँडपीस घ्यावे लागले. मोज्यांच्या तुलनेत हा खर्च मोठा होता आणि रुग्णाच्या नजरेआड होता. माझ्या लेखी तोच या काळातला अधिक अवघड, अधिक प्रामाणिक बदल आहे.

इथे एक रास्त आक्षेप घेता येतो. आरोग्यसेवकांमधला हिपॅटायटिस-बी 1983 मधल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरून या शतकाच्या सुरुवातीला चारशेच्या खाली आला, त्याचे श्रेय 1981-82 पासून मिळू लागलेल्या लशीला द्यायचे की मोज्यांना? लशीचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करायला हवे. पण लस डॉक्टरला वाचवते. रुग्णांपैकी बहुतेकांना तेव्हा ती मिळालेली नव्हती. 1970 च्या दशकापासून 1987 पर्यंत बाधित दंतव्यावसायिकाकडून रुग्णांना हिपॅटायटिस-बी झाल्याचे नऊ समूह अमेरिकेत नोंदले गेले. त्यानंतर सीडीसीने 2003 मध्ये आढावा घेतला तोवर एकही नाही. हिपॅटायटिस-सीला तर आजही लस नाही, आणि तिथे फक्त शिस्तच कामी येते. ओक्लाहोमातल्या एका मुखशल्य दवाखान्यातल्या गलथानपणामुळे 2013 साली सुमारे 7,000 रुग्णांना तपासणी करून घेण्याची सूचना द्यावी लागली. त्यातून एका रुग्णाचा हिपॅटायटिस-सी दुसऱ्याला झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. तसे सिद्ध झालेले दंतचिकित्सेतले ते अमेरिकेतले पहिलेच उदाहरण. दुसरा आक्षेप मोज्यांच्या स्वतःच्या अपायाचा. 1987 नंतर लॅटेक्सची मागणी एकदम वाढली, आणि मोजे सहज चढावेत म्हणून आत लावलेल्या स्टार्चच्या भुकटीसोबत रबरातली प्रथिने हवेत उडू लागली. हजारो परिचारिकांना आणि दंतवैद्यांना ॲलर्जी जडली. काहींना व्यवसाय सोडावा लागला. अमेरिकेत भुकटीच्या मोज्यांवर बंदी यायला जानेवारी 2017 उजाडले. हे नुकसान खरे आहे आणि ते टाळता आले असते, पण त्यावरचा उपाय नायट्राइलचा भुकटीविरहित मोजा हा होता, उघडा हात नव्हे.

नियमाचा आणखी एक परिणाम न्यायालयात दिसला. मेन राज्यातल्या बँगोर गावी 1994 साली सिडनी ॲबट या महिलेने दात भरून घेण्यापूर्वी आपण एचआयव्हीबाधित असल्याचे अर्जावर लिहिले. डॉ. रँडन ब्रॅग्डन यांनी दवाखान्यात दात भरायला नकार दिला. रुग्णालयात भरू, पण तिथला जादा खर्च तुमचा, असे सांगितले. जून 1998 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की लक्षणे नसली तरी एचआयव्हीबाधित व्यक्तीला अपंगत्वाच्या कायद्याचे संरक्षण आहे. धोका खरा होता का, हे डॉक्टरच्या मनाला काय वाटले त्यावरून नव्हे, तर उपलब्ध वैद्यकीय पुराव्यावरून ठरेल, असेही न्यायालयाने म्हटले. खालच्या न्यायालयाने पुढे पुन्हा ॲबट यांच्याच बाजूने कौल दिला. ज्याच्या दवाखान्यात प्रत्येक तोंडाला बाधित समजून काम चालते, त्याला एका तोंडाला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. गोव्यात याच्या उलट घडलेले आपल्याला ठाऊक आहे. डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला 1989 साली, केवळ रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पकडून 64 दिवस एकटे कोंडून ठेवले गेले. त्या कायद्याला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळले. रोग माणसात शोधायचा म्हटले की प्रवास तिथवर जातो. देशाचा विचार बदलायला वेळ लागला: एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला मनाई करणारा आणि आरोग्यसंस्थांना सार्वत्रिक खबरदारीची साधने व प्रशिक्षण द्यायला लावणारा कायदा 2017 साली झाला आणि सप्टेंबर 2018 मध्ये लागू झाला.

भारतात हा नियम तुकड्यातुकड्यांनी आला. देशातली एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये चेन्नईत झाली. परदेशी बनावटीची हिपॅटायटिस-बीची लस महाग होती; हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये स्वदेशी लस आणल्यावर ती सामान्यांच्या आवाक्यात आली. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 मध्ये आले, आणि 2016 च्या सुधारित नियमांनुसार वापरलेले मोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जातात. मोजे आता तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही दिसतात, आणि रुग्ण त्यांच्याकडे पाहून निश्चिंत होतो. पण एक डॉक्टर, एक मदतनीस, दोन-तीन हँडपीस आणि एक छोटा ऑटोक्लेव्ह अशा दवाखान्यात संध्याकाळी रांग लागली असताना प्रत्येक रुग्णामागे वाफेचे पूर्ण आवर्तन होणे अवघड असते. खर्चाचा हा प्रश्न खरा आहे, आणि डॉक्टरच्या सदसद्विवेकावर सोडून तो सुटणार नाही. अमेरिकेत तो सुटला तेव्हा बंधन, तपासणी आणि दंड या तिन्हींचा हात होता.

मोज्यावरच थांबले तर काय होते, याचा सर्वांत वेदनादायक पुरावा तमिळनाडूतून आला. जुलै 2022 ते एप्रिल 2023 या काळात राज्याच्या उत्तर भागात मेंदूला होणाऱ्या मेलिऑयडोसिसचे 21 रुग्ण सापडले. मातीतल्या एका जिवाणूमुळे होणारा हा आजार मेंदूपर्यंत क्वचितच जातो. त्यांतल्या दहा जणांचा माग एकाच दातांच्या दवाखान्याशी पोहोचला, आणि त्या दहांपैकी आठ जण वारले. संशोधकांना तिथे जे दिसले ते साधे होते. हिरडी हाडापासून सुटी करायच्या पेरिऑस्टियल एलिव्हेटरने सलाइनची बाटली फोडली जाई, काम झाल्यावर तिच्या तोंडात कापूस कोंबून ती ठेवली जाई, आणि तेच सलाइन पुढच्या रुग्णांच्या जखमेत ओतले जाई. बाटलीत उरलेल्या सलाइनमध्ये तो जिवाणू सापडला. सलाइन एका रुग्णापुरते उघडायचे, उरलेले टाकून द्यायचे, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेत निर्जंतुक द्रवच वापरायचा, हे दंतचिकित्सेच्या मार्गदर्शक सूचनांत 2003 पासून लिहिलेले होते.